कॅमेरा बंद असलेल्या मुलाकडे कोण पाहतं?

18 नोव्हेंबर 2024 रोजी दिल्लीची हवा इतकी विषारी झाली, की सर्वोच्च न्यायालयाने दहावी-बारावीचेही वर्ग बंद करायला सांगितले. आठवड्याभरात आदेश आला: दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रातल्या (एनसीआर) शाळा ‘हायब्रिड’ भरवा. ज्याला यायचं त्याने यावं, बाकीच्यांनी सोय असेल तिथे घरून शिकावं. अशा वेळी पालकांच्या ग्रुपवर चर्चा होते ती वायफायची आणि ॲपची. शिकवणाऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

नववीचा गणिताचा तास घ्या. टेबलावर लॅपटॉप, समोर निम्मा वर्ग, पडद्यावर उरलेल्यांची नुसती नावं. बाई समीकरण सोडवून ‘समजलं?’ विचारतात, समोरची मुलं ‘हो’ म्हणतात, तास पुढे सरकतो. घरी बसलेल्या मुलाने मात्र +3 पलीकडे नेताना चिन्ह बदललेलं नसतं. वर्गात असता तर त्याच्या कपाळावरची आठी बाईंना दिसली असती. इथे ती चूक पुढच्या प्रत्येक गणितात उतरते आणि वर्षाअखेरीस मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो. दुसऱ्या बाई नाव घेऊन विचारतात, वहीचा फोटो मागवतात, चुकलेल्या चिन्हाला गोल करून त्याच संध्याकाळी परत पाठवतात. दोन दिवस जो जोडलाच गेला नाही, त्याच्या घरी फोन करतात. लॅपटॉप तोच, पुस्तक तेच. निकाल वेगळा लागतो.

मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाची ही गरज जुनीच आहे. 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्रशिक्षित, बऱ्या पगाराचे आणि लोकांत मोकळेपणाने मिसळणारे शिक्षक मागितले होते. मुलाच्या घरी एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, हे ज्याला ठाऊक आहे, तोच शिक्षक आजही त्या मुलाला रात्री आठनंतर गृहपाठ पाठवायची मुभा देईल.

पण हा जिव्हाळा आपण फुकटात गृहीत धरतो, हा अन्याय आहे. दिल्लीत सरकारी शिक्षकांना मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं जातं, अतिथी शिक्षक अनिश्चिततेत दिवस काढतात. वह्या तपासायच्या कधी? गुडगाव-नोएडातल्या भरमसाट फी घेणाऱ्या शाळांनाही हा प्रश्न विचारायला हवा. पुढच्या पालक-शिक्षक सभेला (पीटीएम) स्मार्ट बोर्डाचं कौतुक थोडं बाजूला ठेवा आणि विचारा: माझ्या मुलीची वही कोण तपासतं, आणि त्या कामासाठी वेळापत्रकात त्यांना किती तास दिले आहेत?