पाचर कुणी मारली?

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असतील तरच प्रेस खाली येतो, म्हणजे डायमध्ये बोटं राहत नाहीत. मग कुणीतरी एका बटणात पाचर मारतो. एक हात मोकळा होतो, नग भराभर निघतात आणि एक दिवस बोट जातं.

'त्यानेच मारली ना पाचर!' हे उत्तर कायद्यातही आहे. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरत, अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. पण सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून निकामी केलं असेल, तर शून्य. गंमत पुढे आहे. तोच कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर मात्र भरपाई द्यावीच लागते. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तसंच ठेवलंय. कुटुंब उघड्यावर पडू नये, हे मान्य. पण पाचर तीच, हात तोच. मग 'जाणूनबुजून'ला एवढं वजन कशासाठी?

१८९१ साली इंग्लंडमध्ये स्मिथ विरुद्ध बेकर हा खटला गाजला. खडकात भोकं पाडणाऱ्या मजुराच्या डोक्यावरून क्रेन दगड नेत असे. त्याला ते माहीत होतं. एक दगड पडला. माहीत असूनही काम करत राहिला म्हणजे धोका कबूलच होता, असा मालकांचा बचाव. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो बहुमताने फेटाळला. धोका माहीत असणं वेगळं, तो पत्करणं वेगळं.

पाचर स्वतःच्या हाताने मारावी लागते, हा फरक आहेच. सुरक्षेच्या साधनांशी खेळू नये, हे कर्तव्य १९४८च्या कारखाने अधिनियमाने कामगारावर घातलं, ते योग्यच. पण भोपाळनंतर, १९८७ साली, त्याच कायद्यात मालकाचं कर्तव्यही स्पष्ट झालं: यंत्रंच नाही, कामाची पद्धतही सुरक्षित हवी. माझ्या मते टार्गेट हा त्या पद्धतीचाच भाग आहे. कंत्राट महिन्या-महिन्याचं आणि शेजारचा पाचर मारून पुढे, अशा ठिकाणी दोन्ही बटणं दाबणाराच आधी घरी बसतो. आणि सुपरवायझरला शिफ्टभर ती पाचर दिसत नाही?

चौकशीला येणाऱ्याने मागच्या महिन्याचं प्रॉडक्शन रजिस्टर मागवावं. दोन्ही हातांनी बटणं दाबून तेवढे नग आठ तासांत निघाले असते का, हा हिशेब कागदावर मांडता येतो. निघत असतील, तर कामगाराला जरूर जाब विचारा.