पुसण्यापूर्वीचा होकार

गेल्या वर्षी एक अशील आमच्याकडे सल्ल्यास आले. त्यांच्या कचेरीतील तरुण कारकुनाने लिनक्सच्या यंत्रावर आज्ञा टंकून जुने मसुदे पुसताना चार चालू करारपत्रेही पुसून टाकली होती. यंत्र प्रत्येक फाइलीपाशी विचारीत होते आणि हा गृहस्थ प्रत्येक वेळी 'होय' म्हणत होता. "विचारल्यावर होकार दिला, मग दोष सर्वस्वी त्याचाच नव्हे काय?" अशील म्हणाले.

प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. युनिक्सच्या घराण्यातील 'आरएम' ही आज्ञा मूळची अबोल. ती सूचीतून फाइलीचे नाव काढते. शेवटचे नाव गेले की जागा मोकळी होते. मध्ये कचऱ्याची टोपली नाही. म्हणून सावध माणसे तिला धाकट्या 'आय'ची जोड देतात. मग ती दर फाइलीस अनुमती मागते. परंतु साठ वेळा विचारलेला प्रश्न हा प्रश्न उरतच नाही. पहिल्या दोनतीन उत्तरांमागे मन असते, पुढे केवळ बोट. होकाराला मोल येते ते जाणिवेने. न वाचता केलेल्या सह्यांवरून उद्‌भवलेले तंटे पाहणाऱ्या आम्हा वकिलांना हे निराळे सांगावयास नको. जीएनयूच्या 'आरएम'मध्ये थोरल्या 'आय'चाही पर्याय आहे. तीनांहून अधिक फाइली असल्या तर तो एकदाच विचारतो, आणि क्वचित विचारतो म्हणूनच ऐकला जाण्याचा संभव अधिक.

तथापि ज्याची खात्रीच चुकलेली आहे, त्याला प्रश्न काय वाचविणार? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील समजून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. चूक ध्यानी येईतो सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले. 'खरेच पुसू?' असे विचारले असते तरी तो 'होय'च म्हणाला असता. नेमाने घ्यावयाच्या प्रती आयत्या वेळी कामास आल्या नाहीत. कंपनी तरली ती सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवर.

फाशीच्या शिक्षेस उच्च न्यायालयाची पुष्टी लागते. तीच शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला 'नक्की ना?' असे पुन्हा विचारून कायदा थांबत नाही. तो दुसऱ्या मनाला, काही काळाने विचारतो. जे परत फिरवता येत नाही, त्याच्या आड काळाचे अंतर घालणे हाच खरा बंदोबस्त. संगणकावरही पुसावयाची फाइल आधी वेगळ्या जागी हलवावी, ती जागा महिन्याने रिकामी करावी; प्रत अन्यत्र ठेवावी, आणि ती परत आणता येते की नाही हे अधूनमधून करून पाहावे.

अशिलांना आम्ही इतकेच सांगितले: दुर्लक्ष कारकुनाचे खरे, पण एका दुर्लक्षाने सर्व जावे अशी व्यवस्था त्याने केलेली नव्हती. ते फारसे समाधानी दिसले नाहीत. कारकून मात्र अद्याप तेथेच कामास आहे.