बांधावर बोललेलं

माझे वडील, आमचे दादा, 2014 साली गेले. त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. ज्वारीची काढणी चालली होती. बांधावर भाकरी खाता खाता दादा बोलले, "मला नाकातोंडात नळ्या घालून निजवू नका रे. घरी आणा. ओसरीवर जाऊ द्या." मी 'बरं' म्हणालो आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. ऐकायला मी एकटाच होतो.

पुढं दादांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. शहरातल्या दवाखान्यात श्वासाचं मशीन लावलं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर येतील असं वाटत नाही. पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. दादांची जमीन मी कसत होतो, वाटण्या व्हायच्या होत्या. दादांचं बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, याला जमिनीची घाई झाली. मी गप्प बसलो. पुण्याचा थोरला भाऊ म्हणाला, "चालू ठेवा." त्यालाही भीतीच होती, बापाचा खर्च टाळला असं लोक म्हणतील याची. अठरा दिवस दादा तसेच पडून होते. हात पलंगाला बांधलेले. दोन म्हशी विकल्या, त्याचं काही नाही. पण दादा ओसरीवर आले ते गेल्यावरच.

चौघांचाही दादांवर जीव होता, आणि चौघांनी मिळून त्यांचा शब्द मोडला.

मी पुष्कळ विचार केला. मशीन नको म्हणणं म्हणजे मारणं का? विनोबांनी 1982 साली पवनारला अन्न-औषध सोडलं. ते शुद्धीत होते, स्वतः नको म्हणू शकले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत अंथरुणावर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयात प्रकरणाचा निकाल लागला, तेव्हा या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. त्या मायेला कोण नावं ठेवील? पण खुद्द अरुणाबाईंना काय हवं होतं, ते विचारायची सोयच उरली नव्हती.

म्हणून वाटतं, प्रश्न जगावं की मरावं एवढाच नाही. माझं तोंड बंद झाल्यावर माझ्या वतीनं बोलायचं कुणी, आणि त्याचा बोल कुणी सोसायचा, हाही आहे. गुंठाभर जागेसाठी आपण मोजणी आणतो, सातबारा काढतो. हे मात्र बांधावरच बोलून सोडतो.

सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली. 2023 साली त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आपल्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं त्यात घालायची. मन बदललं तर कागद मागेही घेता येतो. माणूस स्वतः बोलू शकत नसेल आणि दुखणं हाताबाहेर गेलं असेल, तेव्हाच तो कामाला येतो. तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं पाहून ठरवतात. सुई टोचून मारा असं त्यात लिहिता येत नाही. नुसतं लांबवू नका, एवढंच सांगता येतं.

मी कागद केला. लेकीचं आणि पुतण्याचं नाव घातलं. एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची असते. ग्रामसेवकानं ती उलटीपालटी करून विचारलं, "आबा, ही कुठल्या फायलीत लावू?" मी म्हणालो, "जन्म-मृत्यूच्या फायलीत नको. मी अजून मधेच आहे."

रात्री ओसरीवर सगळ्यांना बसवून कागद वाचून दाखवला. सगळ्यांनी एकदम ऐकावं, म्हणून. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "आबा, सांभाळतो मी, आणि माझंच नाव नाही?"

मी म्हणालो, "शेत तू कसतोस, बाळा. उद्या बोट तुझ्याकडंच दाखवतील. म्हणून नाही घातलं."

मग त्या चौथ्या दिवसाची गोष्ट मी पहिल्यांदा घरात सांगितली.