डिप्रेस्ड

माझ्या बाजूच्या साच्यावरचा मित्र तीन आठवडे पाळीवर आला नाही. आला तेव्हा खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. तिच्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘हा शबद तं बाबासाहेबांच्या पुस्तकात हाय ना बे? मले काऊन लावला?’’

शब्द होता डिप्रेस्ड.

मी नववीत शाळा सोडली. सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेली डिक्शनरी हेच माझं कॉलेज. तिच्यात दोन्ही अर्थ आहेत. खाली दाबलेला, आणि उदास. उदासवाला अर्थ आता टपरीवरची पोरंही वापरतात. दाबलेला हे मात्र आपल्या आज्या-पणज्यांचं सरकारी नाव होतं. डिप्रेस्ड क्लासेस.

मित्रांनो, दाबलेला म्हटलं की विचारता येतं, कोणी दाबला? दलित म्हटलं तरी तेच. उदास म्हटलं की हा सवालच मरतो. उदास माणूस आपला आपणच उदास. मुकादमही त्याला सांगतो, जरा हसत जा.

मी औषधाच्या विरोधात नाही. गोळ्यांनी मित्राला झोप लागते, ही लहान गोष्ट नव्हे. पण किती वर्षांची बदली कामगारी, जात विचारून नाकारलेली खोली, हे त्या चिठ्ठीत कुठं आहे?

आणि बाबासाहेबांना तर दाबलेला हे नावही नको होतं. 1931 साली गोलमेज परिषदेपुढच्या पुरवणी निवेदनात त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी ते मानहानीचं म्हणून बदलायला सांगितलं. मला आधी हे पटेना. खरं ते लपवायचं कशाला? पुष्कळ दिवसांनी उमगलं. मला दाबलं हे मी बोंबलून सांगीन, पण दबलेला म्हणून मला हाक मारू नका.

आपल्या नागपुरातच 1930 च्या ऑगस्टमध्ये डिप्रेस्ड क्लासेस काँग्रेस भरली. 1942 च्या जुलैत मोहन पार्कला पुन्हा त्याच नावाने परिषद बसली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढायचं ठरवून उठली. शेड्यूल्ड म्हणजे यादीतला. रुक्ष शब्द, पण रडका नाही.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग रजेचा अर्ज पुढे केला. त्यात ‘कारण’ म्हणून एक रकाना होता, दोन बोटं रुंद.

‘‘इथं काय लिहू?’’

‘‘आजारी लिव्ह,’’ मी म्हणालो. भोंगा झाला होता.