सुट्टी कचेरीची आणि शिवाराची

29 फेब्रुवारी 2020 पासून महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. या निर्णयामागचा हिशोब बारकाईने पाहिला पाहिजे. वर्षातले कामाचे दिवस 288 वरून 264 वर आले. मात्र रोजची वेळ पाऊण तासाने वाढल्यामुळे वर्षाचे तास 2088 वरून 2112 झाले. दिवस 24 ने घटले, तास 24 ने वाढले. तरीही या निर्णयाचे मोल आहे. लातूरहून निलंग्याला रोज अपडाउन करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या महिन्यातल्या दोन शनिवारच्या खेपा वाचल्या. घरच्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना सलग दोन दिवस देता येणे ही चैन नव्हे.

पण कमी दिवस काम करून आयुष्य अधिक भरून पावावे असे वाटत असेल, तर केवळ तासांची फेरमांडणी पुरत नाही. आइसलंडमध्ये 2015 ते 2019 या काळात सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांचे आठवड्याचे तास 40 वरून 35-36 वर आणले गेले आणि पगाराला कात्री लागली नाही. बहुतेक ठिकाणी कामाचा उरक टिकला, काही ठिकाणी वाढला. आपल्याकडे वारे उलट वाहते आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा कामाचा जादा मोबदला मिळेलही. पण बारा तास यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची सुट्टी अंग सावरण्यातच जाते. वाचायला, गायला, कुणाच्या सुखदुःखात बसायला त्यातून काय उरणार?

आठवड्याची सुट्टी आपल्याला कुणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, रविवार हा खंडोबाचा वार म्हणून सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल 1890 मधल्या विराट सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, 1946 मध्ये आठवड्याच्या तासांची मर्यादा 54 वरून 48 वर आली. ही दोन्ही माणसे कष्टकऱ्याला माणूस म्हणून जगायला वेळ मिळावा यासाठी भांडली.

तो वेळ निलंगा तालुक्याच्या शिवारात अजून पोचलेला नाही. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते; धान्य किती, उचल किती, याची बोलणी होतात. आठवड्याच्या सुट्टीचा विषय त्यात सहसा निघत नाही. कर्नाटकाच्या सीमेकडच्या अनेक गावांत सोमवारी बैलाला औताला धरत नाहीत. बैलाच्या वाट्याला एक वार राखून ठेवणाऱ्या संस्कृतीला, त्या बैलामागे चालणाऱ्या माणसासाठी वार राखणे अवघड का वाटावे? सोयाबीनच्या काढणीत एकराप्रमाणे गुत्तं घेतलेल्या टोळ्या उजाडायच्या आत शेतात असतात. रोजाने जाणाऱ्या बाईला एक दिवस घरी राहायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तिला सुट्टी नको आहे असे नाही. तिला ती परवडत नाही. कचेरीतल्या माणसाची सुट्टी पगारात धरलेली असते, हाच काय तो फरक.

हा फरक दूर करण्याची वाट कायद्याला ठाऊक होती. 1948 च्या किमान वेतन कायद्यात सात दिवसांत एक दिवस विश्रांती आणि त्या दिवसाचाही मोबदला ठरवण्याची तरतूद होती. शेतीचे काम त्या कायद्याच्या अनुसूचीत होते. कागदावरून बांधापर्यंत ती तरतूद कुणी नेली नाही.

शेती सुट्टीवर चालत नाही, असा आक्षेप येईल. पेरणीचा वाफसा आणि काढणीची घाई थांबत नाही, हे खरेच आहे. पण वर्षाचे सगळे आठवडे पेरणीचे नसतात आणि घाईतल्या दिवसांची भरपाई पुढे करता येते. शिवाय अख्खा मुलूख एकदम थांबू शकतो, हे लातूर जिल्हा दरवर्षी येळवसीला दाखवतो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला बाजारपेठा ओस पडतात आणि ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी कोपीजवळच्या पंगतीला बोलावते. भज्जी, उंडे, आंबील यांची गोडी सोबतीमुळे वाढते. एकट्याला मिळालेली मोकळीक त्या मानाने कोरडी राहते. म्हणून सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी मिळण्याला अर्थ आहे. मात्र त्या पंगतीसाठी बाया आदल्या दिवसापासून राबत असतात, हेही विसरता येत नाही. बाप्यांच्या सुट्टीने बाईचे काम वाढत असेल, तर विश्रांती अर्ध्याच घराला मिळाली.

सुरुवात गावातूनच होऊ शकते. आठवडी बाजाराचा दिवस अनेक गावांत आधीच मजुरीच्या हिशोबाचा दिवस असतो. तोच भरपगारी सुट्टीचा दिवस ठरावा. पाडव्याच्या बोलणीत धान्य आणि उचलीसोबत हा वारही ठरावा आणि ग्रामसभेने तसा ठराव घ्यावा. पाच दिवसांचा आठवडा मिळवणाऱ्या कर्मचारी संघटनांनी या मागणीमागे आपले बळ उभे करावे, कारण लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारचे तेही वारसदार आहेत. ज्यांच्याकडे सुट्टी आहे ते ती नसलेल्यांसाठी बोलले, तरच कमी दिवसांच्या कामाची मागणी न्यायाची मागणी ठरेल.