जुन्या वस्तूचे दान

दान या शब्दाकडे आपण सहसा अन्न, द्रव्य, विद्या यांच्या वाटेने जातो. आज त्याच शब्दाकडे घरातला जुना पलंग, मुले शिकून मोठी झाल्यावर रिकामे पडलेले टेबल, भिंतीशी उभे लोखंडी कपाट यांच्या वाटेने जाऊ. ही वाट नवी नव्हे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला, तेव्हा त्याचा एक अख्खा खंड दानाला वाहिला; आणि माणूस गेल्यावर गादी, उशी, पांघरुणासह अंथरूण द्यायचे ते शय्यादान आपल्या घरांना आजही ठाऊक आहे.

पण वस्तू वापरलेली असली, तर तिचे दान होते का? कठोपनिषद याच प्रश्नापाशी उघडते. वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेला ज्या गाई निघाल्या, त्यांचे पाणी पिणे, गवत खाणे, दूध देणे सारे संपलेले होते. ते पाहून त्याच्या मुलाच्या, बाळ नचिकेत्याच्या अंतःकरणात श्रद्धा शिरली, आणि असले दान त्याला खटकले. मला वाटत आले आहे, की त्याचा आक्षेप गाईंच्या वयावर नव्हता. जिच्यातून घेणाऱ्याला काहीच लाभायचे नाही, तिला दान म्हणण्यावर होता. म्हणून जुन्या वस्तूपुढे उभे राहून विचारायचे ते एवढेच, की हिच्यात दूध उरले आहे का? तीन पिढ्या निजलेल्या सागवानी पलंगात ते पुष्कळ असते. परवाच घेतलेल्या, पण पाणी लागून फुगलेल्या भुशाच्या फळ्यांच्या कपाटात थेंबभरही नसते. ढेकणांची खाट, किल्ली हरवलेले कपाट, डुगडुगती खुर्ची आपण एखाद्या आश्रमाच्या दारात उतरवली, तर सुताराची मजुरी, टेम्पोचे भाडे आणि अखेर भंगारवाल्याला बोलावण्याची यातायात, हे सारे त्या दाराच्या माथी बसते. तेव्हा खाट कडक उन्हात टाकणे, सैल झालेले सांधे आवळून घेणे, खुर्चीचा वेत नव्याने विणून घेणे ही दानाआधीची कामे नव्हेत, ते दानच आहे.

आता आणखी एक पदर उलगडू. धर्मशास्त्रकारांनी दानाचे लक्षण मोठ्या काटेकोरपणे केले: आपले स्वामित्व मागे घ्यायचे आणि दुसऱ्याचे उत्पन्न करायचे. जागा मोकळी झाली या समाधानात पहिले अर्धे होते. दुसरे अर्धे घेणाऱ्याच्या स्वीकारावाचून होत नाही, आणि ज्याला स्वीकारायचे आहे त्याला नको म्हणण्याचाही अधिकार आहे, हे देणारा सहज विसरतो. वृद्धाश्रमाला उंच पलंग चालत नाही, थकलेल्या पायांना त्यावरून उतरवत नाही. वसतिगृहाला दोघांचा पलंग नको, एकट्याची खाट हवी. हे आधी विचारावे, आणि नकार आला तर तो मानावा. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये उभी केलेली ‘गूंज’ ही संस्था याच मर्माला फार सुंदर जागली आहे: गावकरी आपल्याच गावची विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि शहरांनी दिलेले जुने सामान त्यांच्या हाती त्या श्रमांचा मान म्हणून पडते. तिथे स्वीकारणाऱ्याची मान खाली जात नाही, म्हणून दुसरे स्वामित्व खरोखर जन्माला येते.

आणि ते जन्माला आले, की पहिले उरता कामा नये, इथे दानाची कठीण कसोटी आहे. बालवाडीला आपले टेबल मिळाले, तर त्याचे पाय करवतीने कापल्यावाचून ते लेकरांच्या उपयोगी पडायचे नाही. ज्या टेबलाशी वडिलांनी आयुष्यभर हिशेब लिहिले, त्याचे पाय कापले जाताना काळजात कळ उठते, आणि ‘आमचे टेबल’ हे शब्द ओठांवर येतात. कळ उठू द्यावी. ती प्रेमाची आहे. शब्द मात्र आवरावेत. दिलेल्या कपाटांवर आपण ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे रंगवतो. स्मरण पवित्रच आहे, पण पुढे कधी संस्थेने ते कपाट नव्याने रंगवायला काढले आणि ती अक्षरे झाकली गेली, तर ती झाकू द्यावीत.