रविवार कोणाचा?



हॉटेलात, मॉलमध्ये, विमानतळावर नोकरी करणारे अनेक जण आपल्या धर्मग्रामात आहेत. ‘फादर, रविवारी ड्युटी असते, मिस्सा चुकते, पाप लागते का?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. याचे उत्तर सोपे आहे. कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा महत्त्वाच्या लोकसेवेसाठी रविवारी काम करावे लागले तर ख्रिस्तसभा दोष देत नाही. शनिवार संध्याकाळची मिस्साही चालते. अवघड प्रश्न त्यांच्या घरच्यांचा आहे: पप्पा आपल्यात कधी असतात?

महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने दुकाने, हॉटेले आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवता येतात. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी द्यावी लागते. हिशेब चोख आहे. पण मंगळवारी सुट्टी असलेल्या बापाला घरी कोण भेटते? मुले शाळेत, बायको कामावर. तो झोप काढतो, बँकेत जाऊन येतो, संपली सुट्टी. शरीराला विसावा मिळाला, घराला नाही. वेळ ही तांदळासारखी मापून वाटायची वस्तू नव्हे. काम करायचे ते उसंत मिळावी म्हणून, असे ॲरिस्टॉटल मानीत असे. पण एकट्याच्या उसंतीने घर होत नाही, जसा एकट्याने सण होत नाही.

काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो, हे पोप योहान पॉल दुसरे यांनी 1981 साली आपल्या परिपत्रकात सांगितले. मग आपण लगेच मालकाकडे बोट दाखवतो. (मालकही कधीकधी मिस्सेला पुढच्याच बाकावर असतो!) पण रविवारी मिस्सा आटोपून आपण जेवायला, खरेदीला जातो, तेव्हा तिथे वाढणारा, बिल करणारा कोणाचा तरी पप्पाच असतो. दुसऱ्याचा प्रभूचा दिवस विनाकारण हिरावू नये, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण बजावते. ‘आपण गेलो नाही तर त्याची नोकरी जाईल’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, म्हणून बहिष्कार घाला असे मी सांगत नाही. पण रात्री साडेदहाला, तो खुर्च्या उलट्या ठेवत असताना, आणखी एक आइस्क्रीम मागवलेच पाहिजे का?

आपल्या वाडीतली प्रार्थनासभाही आपण सवयीने रविवारीच ठेवतो. पुढच्या वेळी तारीख ठरवण्याआधी शिफ्टवाल्या घरांत विचारून या, त्यांचा ‘ऑफ’ कधी आहे.